पाचवी वही

"एकच वही ठेवता येईल," प्योबाई म्हणाल्या. "कागदाचे गठ्ठे दाहिनीत नीट जळत नाहीत, अर्धवट राहतात. एक चालेल. बाकीच्या घरी न्या."

अंत्यविधीगृहाचं सगळं बघणाऱ्या प्योबाई दिवसातून चार वेळा तरी हे कुणाला ना कुणाला सांगत असणार. तरीही त्या मुन्सिकच्या चेहऱ्याकडे बघत थांबल्या. निळ्या कापडात बांधलेल्या आईच्या बावीसच्या बावीस वह्या पेटीत ठेवायच्या, असं त्यानं सकाळपासून धरून ठेवलं होतं. "आईची तशी इच्छा होती," असं तो प्रत्येकाला सांगत होता.

मुन्सिकनं गाठ सोडली. वरच्या चार वह्या बाजूला केल्या, पाचवी उचलली आणि काळ्या कोटाच्या आत सरकवली. विचार करायला त्याला क्षणभरही लागला नाही.

धाकटी बहीण हेरान हे सगळं बघत होती. पावणेबारा वाजले होते. आईला पेटीत ठेवायचा विधी दोन वाजता होता.

"पाचवीच का, दादा?"

"कुठलीही चालली असती. हाताला आली ती घेतली."

"हाताला नाही आली. चार बाजूला सारल्यास तू."

"इथंही मुद्रितं तपासायला बसलीस का?" तो म्हणाला. तेवढ्यात चर्चच्या मंडळीतली माणसं पायऱ्या उतरून आली, आणि तो दंडावरची सुतकाची पट्टी सारखी करत त्यांच्या स्वागताला उभा राहिला.

हेरान सोलला एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. आईच्या वह्या तिनं कधी उघडल्या नव्हत्या. त्यांची आई ओकबुन गुन्सानच्या बाजारात चाळीस वर्षं खारवलेली कोळंबी विकायची. एकसष्टाव्या वर्षी मंडळीच्या वर्गात ती अक्षरं शिकली आणि पासष्टाव्या वर्षी अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे सगळं बायबल, हातानं उतरवून काढायला बसली. मंडळीतल्या बऱ्याच म्हाताऱ्या उतरवतात. बहुतेकींचं अर्ध्यात राहतं. ओकबुननं दहा वर्षांत, या फेब्रुवारीत ते पुरं केलं. पाळकांना त्या वह्या येत्या रविवारी मंडळीत मांडायच्या होत्या. तपासून घ्यायचं काम मुन्सिककडे होतं, कारण तो मंडळीच्या वडीलजनांपैकी एक होता. आणि आता तोच म्हणत होता, मांडायच्या नाहीत, जाळायच्या.

आतल्या खोलीत भेटायला आलेले लोक रिवाजाप्रमाणे जेवत होते. पिल्येमावशी, आईची बाजारातली शेजारीण, लाल तिखट सूप चमच्यानं ढवळत होती.

"काय हे पाणी! ओकबुन उठून बसेल हां हे चाखून. हेरान, मीठ आण गं."

हेराननं मीठ आणून दिलं. मावशीनं तिचा हात धरून ठेवला. "खाल्लंस का?"

"खाते नंतर."

"नंतर नंतर करत तुझी आई माझ्यापेक्षा हडकुळी झाली. आणि बघ, पुढं पण गेली. सगळ्यात घाई."

हेरानला हसू आलं. तिनं हात सोडवून घेतला.

सव्वा वाजता मुन्सिक तोंड धुवायला गेला. जाताना त्यानं कोट खुंटीला टांगला. हेराननं इकडं तिकडं पाहिलं, वही काढली आणि चपलांच्या कपाटामागच्या अरुंद जागेत जाऊन उभी राहिली. चोरी करतोय असं तिला वाटत होतं. पानांना खारट वास होता.

वहीच्या सुरुवातीला याद्याच याद्या होत्या. रानात निघालेल्या लोकांची शिरगणती, अमुक कुळाचा अमुक सरदार. वाचताना कुणीही पानं उलटून पुढं जाईल अशी प्रकरणं. हेरान सवयीनं प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत गेली. आईचं अक्षर जाडं आणि सरळ होतं, बरणीवर चिठ्ठी लावल्यासारखं. अबीदान. अहीएजर. पगीएल. ओकबुनचा मुलगा ग्यूहो. एल्यासाफ.

बोट थांबलं. समासात पेन्सिलीची बारीक खूण होती. खूण दादाची होती.

ग्यूहो त्या दोघांचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, त्यानं आपला जीव आपणच संपवला. तेव्हाचे पाळक म्हणाले होते की अशा मरणाला तारण नाही, मंडळीत विधी होणार नाही. पेटी गेली ती गीताशिवाय, प्रार्थनेशिवाय. मुन्सिकनं पुढची बाजू उचलली होती. आई गप्प होती. त्यानंतरही गप्पच राहिली. भिंतीवरचा फोटो तिनं काढला, ग्यूहोचं नाव पुन्हा उच्चारलं नाही, आणि पुढच्या रविवारी त्याच बाकावर जाऊन बसली. पाळकांच्या शब्दांपेक्षा हेरानला ते गप्प बसणं लागलं. ती मंडळीत पुन्हा गेली नाही. आईनं ग्यूहोला सोडून दिलं का, हा एक प्रश्न ती एकोणीस वर्षं फोनवर विचारता विचारता राहिली होती. परवा सकाळी विचारायचं माणूसच राहिलं नाही.

"दे इकडे."

मुन्सिक समोर उभा होता. बाह्या ओल्या होत्या.

"तुला माहीत होतं," हेरान म्हणाली. "म्हणून जाळतोयस. आईची इच्छा वगैरे काही नव्हती."

"हळू बोल. लोक आहेत."

"लोक! तेव्हाही लोकच होते."

"तुला काय वाटतं, मला त्याची लाज वाटते?" त्याचा आवाज कापला. "मी आईला वाचवतोय, हेरान. शास्त्राच्या शेवटच्या पानावर काय आहे ते ठाऊक आहे ना तुला? यात जो कुणी भर घालील त्याचं काय होईल? आईनं भर घातलीय. शाईनं. दोन महिने झोपलो नाहीये मी. आगीत गेलं की संपलं."

"म्हणजे दहा वर्षं देवानं ते वाचलं नाही आणि आजपर्यंत तू ते लपवून ठेवलंस, असं?"

तो कपाटाला टेकला. त्याचं वय एकदम दिसायला लागलं. हेरानला त्याचा राग आला होता, पण त्या रागाखालची जमीन सरकली. हा माणूस खरंच घाबरला होता. ग्यूहोसाठी घाबरायची संधी त्यानं तेव्हा गमावली होती.

"शेवटचं पान आईनंही लिहिलंच असेल ना," ती सावकाश म्हणाली. "ती ताकीद तिच्या हातानं. बाविसावी वही तपासलीस?"

"नाही. पाचवीच्या पुढं गेलोच नाही मी."

दीड वाजून गेला होता. गठ्ठा आईच्या फोटोजवळ, शेवंतीच्या फुलांखाली होता. माणसं एकेक फूल ठेवून मान खाली घालून प्रार्थना करत होती, आणि हेरानला त्यांच्या पायांमधून वाकून वही ओढावी लागली. एका बाईनं कपाळाला आठ्या घातल्या. दोघं भावंडं जिन्याखाली गेली.

शेवटचं पान. ताकीद तिथं होती, शब्दन् शब्द, जरा मोठ्या अक्षरात. एका जागी पेन कागदात रुतून छोटं भोक पडलं होतं. मग अखेरचा आशीर्वाद, आमेन. त्याखाली दोन ओळी रिकाम्या. आणि मग:

प्रभू, ताकीद वाचली. नाव मी घातलं. शिक्षा असेल ती ओकबुनला दे. नाव खोडू नकोस. तो माझा आहे तसा तुझा आहे. तू पण मुलगा गमावलास आणि परत मिळवलास, म्हणून तुलाच सांगते.

हेराननं दोनदा वाचलं. तपासायला काही नव्हतं. आई कुणाला फसवत नव्हती. कुळाच्या यादीत नाव चोरून घुसवून ती निघून गेली नव्हती, थेट मालकापाशी जाऊन कबूल करून, हात जोडून उभी राहिली होती. माणसांपुढं गप्प बसलेली बाई देवाशी मात्र सगळा वेळ वाद घालत होती.

मुन्सिकनं वही मिटली.

"मा कुटुंब," वरून प्योबाईंनी आडनावानं हाक मारली. "आत या. वेळ झाली."

त्यानं बाविसावी वही हेरानच्या हातात दिली. पाचवी, मघाशी तिच्याकडून घेतलेली, त्याच्या काखेत होती. ती घेऊनच तो आत गेला.

खोली गार होती. आईला तागाचं पांढरं वस्त्र नेसवलं होतं, चेहरा तेवढा उघडा होता. नवे पाळक उशाशी होते. मुन्सिकची बायको, दोन्ही मुलं, मंडळीतल्या तीन बायका, पिल्येमावशी. हेराननं आईच्या गालाला हात लावला. तो गारवा तिला माहीत होता. ग्यूहोचाही असाच होता.

"काही ठेवायचं असेल तर आत्ता," प्योबाई म्हणाल्या. "मग चेहरा झाकू."

मुन्सिक पुढं झाला. वही दोन्ही हातांत धरून पेटीपाशी थांबला. हेरानला वाटलं, धावून जाऊन हिसकावून घ्यावी. पण आईसमोर ओढाताण नको, म्हणून ती मुठी आवळून उभी राहिली. ठरवायचं ते दादानंच ठरवायला हवं होतं.

"काय रे ते?" पिल्येमावशीनं विचारलं. "वही? कितवी?"

"पाचवी, मावशी."

"एकच का?"

"एकच चालते."

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. तिला कळायला फार वेळ लागला नाही.

"अस्सं. ग्यूहोची होय?"

मुन्सिकच्या बायकोनं मान खाली घातली.

"तुम्हाला... माहीत होतं?" मुन्सिकनं विचारलं.

"दर गुरुवारी वाचून दाखवायची मला. मला आता अक्षर दिसत नाही ना. त्याच्या नावापाशी आली की थांबायची. मी आमेन म्हटल्याशिवाय पुढं जायची नाही. हट्टी बाई." मावशीनं नाक पुसलं. "पण मुन्सिक, तू नीट तपासलं नाहीस बाबा. वडीलजन म्हणवतोस! पाचवीत एकदाच आहे तो. नववीत आहे. दहावीत तर दोनदा. बंदिवासातून घरी परत आलेल्यांची यादी आहे ना, त्यात पण आहे. जिथं जिथं यादी, तिथं तिथं तो. एक जाळून काय होणार?"

मुन्सिकचे खांदे हलायला लागले. वही अजून पेटीच्या काठावर होती. घरी परत आलेल्यांची यादी. हेरानला आई दिसली, बुटक्या मेजापाशी, चष्मा नाकावर, हजारो परक्या नावांच्या गर्दीत आपल्या मुलाला हाताला धरून घरी आणणारी.

"परत आलेल्यांत कुणाचा मुलगा?" मुन्सिकनं घोगऱ्या आवाजात विचारलं. "तिथं काय लिहिलंय?"

"तेच. ओकबुनचा मुलगा ग्यूहो."

त्यानं वही उचलली. पेटीपासून दोन पावलं मागं आला आणि ती हेरानच्या हातातल्या वहीवर ठेवली.

"काही ठेवायचं नाही," तो प्योबाईंना म्हणाला.

मग तो आईच्या कानाशी वाकला. काय बोलला ते हेरानला ऐकू आलं नाही. फक्त मधलं एक नाव आलं. एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदा.

प्योबाईंनी चेहरा झाकला. पाळकांनी गीताचं पुस्तक उघडलं.

"पाळकसाहेब," मुन्सिक म्हणाला, "आज दोन गीतं म्हणायची."

"दोन?"

"एक आईचं. एक मागचं राहिलंय."

पाळक नवे होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे, मग मावशीकडे पाहिलं. "कुणासाठी?"

"ओकबुनचा मुलगा ग्यूहो," मुन्सिक म्हणाला.

"आमेन," पिल्येमावशी म्हणाली.

पहिल्या गीताला हेरान गप्प होती. दुसरं सुरू झालं तेव्हा तिला पहिल्या ओळीपुढचे शब्द आठवेनात. मावशीनं तिच्या हातावर हात ठेवला, वह्यांसकट, आणि प्रत्येक ओळ आधी हळूच तिच्या कानात सांगत राहिली.