उडत्याची उडी

आमच्या मारामारीच्या सिनेमांत शूटिंगला आवाज घेतच नाहीत, परवडत नाही. मुकं रीळ माझ्या खोलीत येतं आणि आवाज मी देतो. बुक्का म्हणजे वाळूच्या पोत्यावर ओलं चामडं, मोडलेली बरगडी म्हणजे गाजर. टोपल्याच्या टोपल्या मी मोडायच्या आणि टाळ्या घ्यायच्या हिरोने! जाऊ दे, आपलं तोंड कशाला खराब करा.

त्याच हिरोच्या बदली उड्या मारायचा माझा मेहुणा, बहिणीचा नवरा. सगळे त्याला उडत्या म्हणत. छतावरून बिनधास्त झेपावायचा, पण मुडदा होऊन पडायचं म्हटलं की बोंब. पोट भात्यासारखं वरखाली, आणि शॉट संपला का म्हणून हळूच एक डोळा किलकिला. दिग्दर्शक कपाळ बडवून घ्यायचा.

आठवडाभर उडत्या घरी आला नव्हता. आमच्या निर्मात्यांनी, शेठनी, बहिणीला सांगितलं, "बाहेरगावी पाठवलाय, दुसऱ्या युनिटबरोबर." ती मला रोज विचारायची, "दादा, न सांगता ते कधी जातात का रे?" मी तिलाच झापायचो. माझ्याही मनात पाल चुकचुकत होती, म्हणूनच जास्त.

आज रीळ घेऊन शेठ स्वतः आले. एरवी शिपाई आणतो. "शेवटाची मारामारी आहे, लगेच उरकून टाक," म्हणाले आणि दारापाशीच उभे राहिले.

पडद्यावर उडत्या लाथ खाऊन गोदामाच्या छतावरून सुटला. खाली रिकामी खोकी रचलेली असतात. तो पडतो तिथे शॉट तोडतात, मग तो निवांत येऊन जमिनीवर आडवा होतो. इथे शॉट तुटलाच नाही. तो खोकी चुकवून थेट फरशीवर आला आणि कॅमेरा तसाच चालू राहिला.

चामडं माझ्या हातातच राहिलं. मी त्याचं पोट बघत होतो. ते हललं नाही.

"शेठ, हा श्वास घेत नाहीये."

"या वेळी काम छान केलंय," शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू आवाज दे. बहिणीचं मी बघतो."

माझं डोकं सणकलं. शेठची गचांडी धरावी असं वाटलं. मागे रीळ फिरवणाऱ्या मशीनवाल्याने नेहमीप्रमाणे तोच तुकडा परत लावला.

तेवढ्यात दार ढकलून बहीण आत आली. नवऱ्याचं रीळ आलंय, हे तिला शिपायाकडून कळलं होतं. शेठ बाजूला झाले. पडद्यावर उडत्याने उडी घेतली तशी ती खुदकन हसली. "अगंबाई, दिसले एकदाचे!"

"बंद कर ते मशीन!" मी ओरडलो.

"असू दे ना रे दादा," स्टूल पुढे ओढत ती म्हणाली. "उठताना तरी बघू दे त्यांना."