तांदळातलं नाव

…चहाच्या पुड्यांची माळ वाऱ्यानं हलली आणि पुन्हा करुणाच्या कानाला घासून गेली. पाच-पाच रुपयांच्या चिमुकल्या पुड्या, आणि बद्रीनाथच्या दुकानात हल्ली त्यांचाच खप. पूर्वी औरंगपुऱ्याच्या या गल्लीत माणसं महिन्याचा किराणा पिशव्या भरभरून न्यायची. आता रोजचं तेल रोज, रोजची डाळ रोज. म्हणून तर निवडणूक कचेरीतल्या साहेबांना ही युक्ती सुचली – शाळेत टेबल मांडलं तर नवे मतदार फिरकत नाहीत, मग दुकानात मांडा, तिथं रोज यावंच लागतं. महागाईचा असाही उपयोग! करुणाला हसू आलं. गेले काही रविवार ती, शाळा शिकवणारी बाई, गुळाच्या ढेपेशेजारी मतदार नोंदवत बसली होती, आणि आज शेवटचा दिवस होता.

म्हाळसाबाई सकाळीच येऊन गेली होती. मेंढरं विकून शहरात आलेलं घर; आता सगळेच बांधकामावर. सुनेचं नाव यादीत घालायचं होतं. सुनेला स्वतः यावं लागेल, सही लागते, करुणानं सांगितलं, आणि मनात म्हणाली, गेली ही, आता कसली येते – दोघींची मजुरी बुडवून, असल्या दिवसांत, एका नावासाठी? मी आले असते का… खरं सांगायचं तर नसते आले.

आणि आता भर दुपारी ती समोर उभी होती, पदर सिमेंटनं पांढुरका झालेला, मागं जेमतेम अठरा ओलांडलेली सून. लग्नात काय नाव ठेवलं, करुणानं सवयीनं विचारलं. इकडं असंच विचारतात. माहेरचं नाव माहेरीच राहतं. मोहिनी, मुलीनं खाली बघत सांगितलं, आणि करुणाचं पेन अर्जावर टेकलंसुद्धा.

“थांबा बाई,” म्हाळसाबाई म्हणाली. “मोहिनी आमच्या पोरानं, खंडेरावनं लग्नात तांदळात लिवलेलं. ते घरात ऱ्हाऊ द्या. हितं सृष्टी लिवा. तिच्या मायनं ठेवलेलं.”

खंडेरावला चालेल का, करुणानं विचारलं. नाही चालणार, म्हाळसाबाईनं सरळ सांगून टाकलं; त्याला मोहिनीच लावायचं होतं, आता घरात लई कटकट करील. पण पोरीची बारावी सृष्टी नावावर झालेली, तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं, एका माणसाची दोन नावं झाली की जन्मभर हेलपाटे. बद्रीनाथनं तराजूमागून तोंड घातलं, की नाव काय, सगळ्याच बायकांचं बदलतं. म्हाळसाबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

“माझं बी बदललं व्हतं,” ती करुणाला म्हणाली. “जुनं नाव घेणारी एकटी माय व्हती. गेल्या साली माय गेली, तिच्यासंगं तेबी गेलं. आता त्या नावानं हाक मारणारं कुणी नाय.”

रडवेली नव्हती. तेल महागलं म्हणावं तशा आवाजात म्हणाली.

तांदूळ… परातीत पसरलेले तांदूळ आणि त्यात नवऱ्यानं अंगठीनं रेखलेलं ‘करुणा’ – किती आवडलं होतं ते! सुटले एकदाची त्या भागूबाईतून, आजीच्या नावातून, शाळेतल्या चिडवण्यातून. करमाडला आई मात्र अजून फोनवर भागूच म्हणते, आणि आईचा फोन आला की मी आधी आवाज कमी करते, शिक्षकांच्या खोलीत कुणी ऐकू नये म्हणून… आईनं सत्तरी कधीच ओलांडलीय. आणखी किती वेळा म्हणणार आहे ती?

“तू सांग,” करुणा मुलीला म्हणाली. “तू सांगशील तेच लिहिते.”

मुलीनं सासूकडं पाहिलं. म्हाळसाबाई चहाच्या पुड्या चाचपत होती, मुद्दामच, आपला इथं काही संबंध नसल्यासारखी.

“सृष्टी,” मुलगी पुटपुटली. मग मान वर करून, “सृष्टी लिहा, मॅडम.”

करुणानं लिहिलं, फळ्यावर पहिल्या दिवशी लिहिते तितक्या वळणदार अक्षरात. मुलीनं सही केली, म्हाळसाबाईनं माळेतली एकच पुडी तोडून घेतली, आणि दोघी उन्हात क्रांती चौकाच्या बाजूला चालू लागल्या. काय बाई आहे ही! संध्याकाळी पोटच्या पोराशी भांडण ठरलेलं, तरी चाल कशी मोकळी. स्वतःचं नाव गेलं ते गेलं, दुसऱ्या घरातून आलेल्या पोरीचं मात्र जाऊ दिलं नाही. एवढं बळ माझ्यात नाही… की मी कधी बघितलंच नाही?

चहा सांगू का मॅडम, बद्रीनाथ विचारत होता. करुणानं करमाडचा नंबर लावला. बराच वेळ नुसतीच घंटी – आई जरा आडवी झाली असेल, नाहीतर फोन कुठंतरी उशाखाली… मग उचलला गेला, आणि पलीकडून आधी नेहमीचा खोकला आला.

दुकानात गर्दी होती. करुणानं फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि मी आहे एवढंसुद्धा न बोलता कान देऊन बसून राहिली.