समोरच्या दुकानातली चव

"ताई, समोर दुसरं दुकान काढलंत आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नाहीत!"

निवृत्त मास्तर रोज सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे आणि कॉफीबरोबर काहीतरी खुसपट काढायचे. पण आज ते मनापासून बोलत होते. काउंटर पुसणाऱ्या ताईचा हात थांबला.

"समोरचं दुकान आमचं नाही हो, मास्तर."

"मग कॉफी तुमची कशी? अगदी तुमचीच. पूर्वीची. काल प्यायलो आणि गारच पडलो."

ताई हसली. चष्म्याचं दुकान बंद झालं आणि त्या जागी एका बाईने कॉफीचं दुकान थाटलं, त्याला फार दिवस झाले नव्हते. बाई इतकी उंच होती की आख्खी गल्ली तिला शिडी म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. सुरुवातीला तिची कॉफी अगदीच पांचट होती. ताईने मनातल्या मनात तिला फार तर वर्षभर दिलं होतं.

दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर ताई रस्ता ओलांडून तिकडे गेली. शिडीने लगबगीने खुर्ची पुढे केली, कप आणून ठेवला आणि मागच्या खोलीचं दार पायाने हळूच लोटलं.

ताईने एक घोट घेतला आणि ती जागच्या जागी खिळली. आधी थोडा कडवटपणा, आणि तो विरता विरता मागून येणारा करपट गोडवा. लहानपणी शाळेतून आल्यावर तिच्या दप्तराला आणि केसांना चिकटायचा, तोच वास.

"कशी झालीय?" शिडीने विचारलं.

"छान," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? अर्धा कप तसाच टाकून ती उठली.

अप्पांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, तरुणपणी हे दुकान उभं केलं होतं. पुढे टेबलं, मागे बिया भाजायचं यंत्र आणि कॉफीची पोती. गेल्या वर्षी यंत्रापाशीच त्यांना घेरी आली. पोत्याला टेकून ते खाली बसले, आणि त्या दिवसापासून ताईने त्यांना भाजणीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. सगळं आता ती स्वतःच बघायची. मदतीला एकच माणूस होता. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कप विसळतानासुद्धा तोंडातल्या तोंडात गाणारा. त्याला सगळे गुणगुण्या म्हणायचे.

आता भाजणीतलं गुपित घराबाहेर गेलं असेल तर ते कोणी नेलं असणार? ताईच्या मनात संशयाचा किडा शिरला. हल्ली गुणगुण्या मधूनच लवकर निघायचा. काखेत एक पिशवी असायची. निघताना तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायचा आणि शिडीच्या दुकानाशेजारच्या बोळात शिरायचा. कुठे निघालात म्हणून विचारलं, की कान लाल व्हायचे.

विचारून टाकावं, असं ताईला कितीदा तरी वाटलं. पण शब्द ओठांवर येऊन परत जायचे. शेवटी एका दुपारी तो निघाला, तशी ती अॅप्रन काढून त्याच्या मागे गेली. बोळ संपला, तो वळला, आणि एका मोठ्या काचेच्या इमारतीत शिरला. ताईने काचेला नाक लावून आत पाहिलं.

आत पोहण्याचा तलाव होता. उथळ पाण्यात, काठाचा दांडा घट्ट धरून, डोक्यावर पिवळी टोपी घातलेला गुणगुण्या जीव खाऊन पाय मारत होता. शेजारी उभी असलेली शिकवणारी मुलगी त्याला शाबासकी देत होती.

ताईला आधी हसू फुटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. तिथून निसटावं असं तिला वाटलं, पण ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. गुणगुण्या बाहेर आला तेव्हा तिने काही आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

तो बराच वेळ टॉवेलने कान पुसत राहिला.

"या वयात पोहायला शिकतोय म्हटलं असतं, तर मास्तरांनी मला जगू दिलं नसतं. म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "पण ताई, तुम्ही मला एकदा विचारायचं तरी."

"चुकलंच माझं."

"आणि ती चव मी कुठून देणार? अप्पा थोड्या बिया वेगळ्या, काळ्याभोर भाजून बाकीच्यांत मिसळायचे, हे मी नुसतं ऐकलंय. मी आलो तोवर तुम्ही ते बंद केलं होतंत. आपली आताची कॉफी किती सौम्य असते!"

ताई बाकावरून उठली. मास्तर 'पूर्वीची' म्हणाले होते, आणि लहानपणीचा वास ओळखूनही तिने फक्त 'तुमचीच' तेवढं धरून ठेवलं होतं. पूर्वीची भाजणी येणारी माणसं जगात दोनच होती. एक ती स्वतः. आणि दुसरे रोज जेवण झालं की 'जरा बागेत फिरून येतो' म्हणून काठी घेऊन बाहेर पडायचे.

ती तडक शिडीच्या दुकानात गेली. मागच्या दारापलीकडून बिया तडतडल्याचा आवाज येत होता, आणि त्यावरून अप्पांचा चढा आवाज.

"थांब, थांब. घाई नको. अजून नाही... हं, आता! ओत!"

ताईने दार ढकललं. बाह्या दुमडलेले अप्पा यंत्रापाशी उभे होते आणि शिडी पळीने परातीतल्या बिया हलवत होती. अप्पांनी लेकीला पाहिलं आणि चटकन बाह्या खाली केल्या.

"अप्पा, ही बाग?"

"बागेत जातो ना. इथून जातो."

"मीच त्यांना बोलावलं," शिडी घाबरून म्हणाली. "माझ्या बिया कच्च्याच राहायच्या. ते एकदा कॉफी प्यायला आले आणि मला रागावले. मग मी म्हटलं, दाखवा तरी."

"ओझं उचलू देत नाही ती मला," अप्पा घाईघाईने म्हणाले. "स्टूल दिलंय बसायला."

"पण अप्पा, आपलं दुकान सोडून इथे?"

अप्पांनी शिडीच्या हातातली पळी घेतली आणि उगाचच परातीत फिरवली.

"तिकडे तू मला खुर्चीत बसवतेस. गोळ्या घेतल्या का, झोप लागली का, एवढंच विचारतेस. कॉफीचं काही विचारत नाहीस. ही सारखी विचारत असते. तिचे प्रश्न काही संपतच नाहीत बघ."

ताईला रागवायचं होतं. पण त्यांच्या कपाळावर घाम होता, मिशीला भाजलेल्या सालांचा भुगा लागला होता, आणि वर्षभरात ते इतके टवटवीत तिला दिसले नव्हते. तिने दुसरं स्टूल ओढलं आणि बसली.

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी खाली बसलात, तेव्हापासून."

"मला नाही का वाटत?" अप्पा हळूच म्हणाले. "पण खुर्चीत बसल्यावर जास्त वाटते."

शिडीने तिघांसाठी कॉफी केली. ती पिता पिताच ठरलं. सकाळी अप्पांनी आपल्या दुकानात भाजायचं, आणि दुपारी वाटलंच तर इथे यायचं. दोन्ही दुकानांची चव वेगळी राहावी म्हणून काळ्या बियांचं प्रमाण शिडीने आपल्यापुरतं बदलायचं, हेही ठरलं, आणि ते तिनेच आपणहून सुचवलं. ताईनेही जुनी भाजणी पुन्हा सुरू केली, सौम्य कॉफीच्या जोडीला. अप्पांनी सौम्य कॉफीला नाक मुरडलं आणि मग हळूहळू तिच्यातही लक्ष घातलं.

गुणगुण्या थोडे दिवस गप्प गप्प होता. ताईने त्याची समजूत काढायची घाई केली नाही. त्याच्या पोहण्याच्या दिवशी मात्र ती स्वतः कप विसळायची आणि त्याला वेळेआधी पिटाळायची. मास्तरांनी कुठे गेला म्हणून विचारलं, की "कामाला पाठवलंय," एवढंच सांगायची.

अप्पांना आता दोन दुकानं सांभाळायची होती, त्यामुळे गोळ्यांचं भान त्यांना राहीना. मग कधी ताई रस्त्याच्या या बाजूने हाक मारायची, कधी शिडी त्या बाजूने. अप्पा दोघींवरही सारखेच खेकसायचे आणि मुकाट्याने गोळी घ्यायचे.