लाँड्रीतली लाखाची नोट

मी एक जुनी नोट आहे. एक लाखाची. मित्रांनो, डोळे मोठे करू नका. मी खेळातली नोट आहे. मला घेऊन दुकानात गेलात तर साधी लिमलेटची गोळीसुद्धा मिळणार नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. आदल्या कामातली हिरवी शाई यंत्रात उरली होती, म्हणून मी हिरवी. एका खोक्यात दहाच्या आणि शंभराच्या नोटा ढीगभर, पण लाखाच्या फक्त दोन. त्यामुळे आम्हा दोघींना पहिल्यापासून भाव होता, आणि खोटे कशाला बोलू, थोडा तोराही होता. फाशांबरोबर आणि सोंगट्यांबरोबर मी एका घरात गेले. तिथल्या भावंडांनी माझ्यावर बंगले घेतले, आगगाड्या घेतल्या, आणि एकदा भांडता भांडता माझा कोपरा फाडला. पुढे फासे हरवले, खोके फाटले आणि मी त्यांच्या काकांच्या पँटच्या खिशात जाऊन पडले. शेवटचा डाव बहुधा तेच जिंकले असावेत.

ती पँट धुवायला लाँड्रीत गेली आणि तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले.

लाँड्री एका बाईंची होती. त्यांची मुलगी त्यांना आई म्हणते, म्हणून मीही आईच म्हणते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. आईंचा एक नियम होता. धुण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा. जे निघेल ते, मग ती किल्ली असो, बटण असो की चुरगळलेली चिठ्ठी, कागदाच्या पुडीत घालून त्या गिऱ्हाईकाच्या गठ्ठ्याला टाचणीने टोचायचे. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही खिसा चुकला नव्हता. माझा चुकला. त्या दिवशी त्यांचे पाय फार सुजले होते आणि लक्ष थाऱ्यावर नव्हते.

मी धुऊन निघाले, पिळून निघाले. लाखाचा आकडा दिसताच आईंच्या छातीत धस्स झाले. मग त्यांनी मला नीट पाहिले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पण नियम तो नियम. त्यांनी मला दोन फडक्यांमध्ये ठेवून इस्त्री केली आणि टाचणीने पँटला टोचले. तेव्हाचे भोक अजून माझ्या अंगावर आहे. काका मला पाहून पोट धरून हसले आणि म्हणाले, "ठेवा तुम्हीच. खर्च करून टाका."

खर्च करून टाका! मित्रांनो, नोटेच्या जातीला याहून मोठा आशीर्वाद नाही. पण या घरात खर्च होणे किती अवघड आहे, हे मला अजून कळायचे होते.

आता घरातली माणसे सांगते. बाबा बेकरीची गाडी चालवत. मुलगी अकरा वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणत. आणि दर रविवारी दुपारी येई ती मावशी, आईंची धाकटी बहीण. ती नर्स होती आणि तिचा सगळा जीव आईंच्या पायांत अडकला होता. आई सकाळी सातला इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहत त्या संध्याकाळपर्यंत. चपलेचा पट्टा आता शेवटच्या भोकातही बसत नव्हता. मावशीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साफ सांगितले होते, की बसून काम केले नाही तर वर्षभरात दुकान बंद करावे लागेल. आई म्हणाल्या, बघू. उंच खुर्ची घे, असे मावशी कितीदा तरी म्हणाली. पण बसून इस्त्री केली तर गिऱ्हाईकाला वाटेल की बाईला कामाचा कंटाळा आला आहे, हे आईंचे ठरलेले उत्तर होते.

एका रविवारी मावशीला मी दिसले, खिशांत सापडलेल्या बेवारशी वस्तूंच्या डब्यात. दवाखान्यात नुकताच एक वर्ग झाला होता, मन मोठे करण्याचा व्यायाम शिकवणारा. अचानक पैसे हातात आले असे समजायचे आणि ते संध्याकाळच्या आत पूर्ण उडवायचे, अर्थात मनातल्या मनात. नियम तीनच. शिल्लक टाकायची नाही, दुरुस्तीवर घालवायचे नाहीत आणि दुसऱ्यासाठी काही घ्यायचे नाही. जो बोलेल त्याने मला हातात धरायचे. सगळ्यांनी मावशीची टिंगल केली आणि सगळे खेळायला बसले.

काय सांगू तुम्हाला! या लोकांना खोटा पैसाही खर्च करता येईना. बाबांनी मनातल्या मनात गाडी घेतली ती जुनी, आणि वर मालकाशी घासाघीस करून वीस हजार परत आणले. चिमणीने सायकल घेतली, पण सेल लागेपर्यंत थांबली. खुद्द मावशी डोंगरावर फिरायला निघाली आणि डबा घरून घेऊन गेली! चिमणी म्हणाली, "अगं मावशी, लाख आहेत तुझ्याकडे, तिथे जेव ना." मावशी ओशाळली. मीही ओशाळले. लाखाची नोट असून मी या घरात एकदाही पूर्ण खर्च झाले नव्हते.

तरी बाकीचे हळूहळू सुधारले. तिसऱ्या रविवारी बाबांनी नवी कोरी गाडी घेतली, लाल, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई मात्र जागच्या हलेनात. त्यांनी आधी दुकानासाठी हँगर घेतले, मग बाबांना स्वेटर, मग चिमणीला दप्तर. मावशी प्रत्येक वेळी मान हलवायची. मग आई मला हातावर ठेवून बघत बसायच्या आणि म्हणायच्या, मला काय हवंय, सगळं आहे की. मी पुन्हा खिशातल्या वस्तूंच्या डब्यात. असे पाच रविवार गेले. मला राग यायला हवा होता, पण त्या हातांवर कुणाला राग येईल? इस्त्रीच्या वाफेने बोटे पांढरी पडली होती त्यांची.

सहाव्या रविवारी मावशीने त्यांना दटावून बसवले आणि पाय कोमट पाण्याच्या टबात ठेवायला लावले. चिमणीने काही न विचारता मला त्यांच्या हातात दिले. आईंनी माझे टाचणीचे भोक बोटाने चाचपले आणि एकदम बोलायला लागल्या.

"मी ना, माझे कपडे दुसऱ्या लाँड्रीत टाकीन. सगळेच्या सगळे. आणि तिथे खुर्चीत बसून राहीन. पावती घेईन. इस्त्री नीट झाली नाही तर परत पाठवीन."

"आणि उरलेले?" बाबांच्या तोंडून सवयीने निघून गेले.

"उरणारच नाहीत. सगळे त्यांना देईन. फार मेहनतीचं काम आहे ते."

मावशी उगाच टबातले पाणी बदलायला उठली. मला मात्र रडू आले, आणि कागदाने रडू नये, शाई पसरते.

पुढच्या रविवारी दुकानाचे दार उघडले, पण आई गल्ल्याच्या बाहेर, गिऱ्हाईकाच्या बाजूला होत्या. एका उंच, पाठ असलेल्या खुर्चीत बसलेल्या. ती खुर्ची बाबांनी दुकानदाराने सांगितलेल्या किमतीत आणली होती. त्यांच्या आयुष्यातली घासाघीस न केलेली ही पहिली खरेदी. चिमणीने आईंच्या कपड्यांचा गठ्ठा घेतला, सगळे खिसे उलटे केले आणि पावती फाडली. क्रमांक एक. टेबलाशी बाबा उभे होते, घामाघूम. पहिल्याच सदऱ्याच्या कॉलरवर त्यांनी अशी घडी पाडली, की आईंनी तो उचलून प्रकाशात धरला आणि गंभीरपणे परत दिला.

"पुन्हा करा."

बाबांनी पुन्हा केली. दोन तास आई नुसत्या बसल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारले, किती झाले, आणि चिमणी म्हणाली, एक लाख. आईंनी पदरचे मोडावे तसे मला जपून बाहेर काढले आणि गल्ल्यावर ठेवले.

"सुट्टे नाहीत हो बाई," बाबा म्हणाले.

"राहू द्या. ठेवा तुम्हाला."

मित्रांनो, त्या क्षणी मी खर्च झाले. पूर्ण, शेवटच्या शून्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी आईंनी ती खुर्ची आत, टेबलाशी ओढून घेतली आणि बसून इस्त्री करू लागल्या. पहिले गिऱ्हाईक आले तेव्हा त्यांची मान खाली होती. गिऱ्हाईकाने एवढेच विचारले, की कपडे गुरुवारपर्यंत मिळतील का.

या गोष्टीला तीन वर्षे झाली. दुकान चालू आहे. मी गल्ल्याच्या काचेखाली आहे, माझा रंग उडाला आहे आणि खेळात आता मला कुणी घेणार नाही. माझे एक ऐका. कपडे धुवायला टाकताना खिसे बघत जा. आणि तुमच्या घरात जे माणूस म्हणते ना, मला काही नको, सगळं आहे की, त्याच्या हातात माझ्यासारखा एखादा कागद ठेवा आणि पुन्हा विचारा. पाच रविवार ते काहीच सांगणार नाही. सहाव्या रविवारीही विचारा.