हौसाबाईच्या खळ्यातला निखारा

हौसाबाईच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पाय ठेवायला जागा नव्हती. चंदनबुवांनी तिच्या सुनेच्या, रसिकाच्या, सुजलेल्या हाताला हळद चोळली, मंत्र पुटपुटत तो परातीतल्या पाण्यात बुडवला आणि बघता बघता बोटांवरून लालभडक ओघळ आले. गाव राखणाऱ्या देवचाराची राखण, म्हणजे त्याचा मानाचा कोंबडा, चुकली, म्हणून करणी रक्तात उतरली, असं बुवांनी जाहीर केलं. आता हात निखाऱ्यावर धरला की करणी जळाली म्हणून समजा! देवचाराला कोंबडा लागतो म्हणे. शिजतो मात्र तो बुवांच्या टोपात.

रसिका भ्यायली होती, पण रक्ताला नव्हे, निखाऱ्याला. थंडी पडल्यापासून जेटीवर पहाटे उघड्या हातांनी बर्फातली मासळी निवडणाऱ्या बायकांची बोटं जांभळी पडून सुजत होती, खाजत होती. घरी आल्या की सगळ्या तसेच गार हात चुलीवर शेकायच्या, त्यामुळे बुवांच्या निखाऱ्यात कोणाला वावगं वाटेना. चुलीवरच्या पहिल्याच शेकाने रसिकाच्या मधल्या बोटाला फोड आला, फुटला, पू धरला. आता त्या बोटाला काही कळतच नव्हतं. बोट गेलं तर काय, हा विचार ती कोणापाशी बोलली नव्हती.

एवढ्यात तिची नणंद किशोरी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर समीक्षांना घेऊन आली. डॉक्टरांनी वाद घातला नाही. स्वयंपाकघरातून एक बांगडा मागवला, त्याला हळद चोळली आणि परातीत बुडवला. बांगडा लालेलाल!

"बुवांनू, ह्या बांगड्यार करणी कोणी केल्यान?"

बुवा कसले गप्प बसतात! समुद्रातला मासा, त्याला बाधा असणारच, म्हणाले. मग तुमचा हात बुडवा, असं डॉक्टरांनी म्हणताच बुवांचा हात उपरण्याखाली गेला. हौसाबाई उठली, तिने मनगट धरून तो हात बाहेर ओढला, हळद फासली आणि परातीत दाबला. बुवांच्या हातावरूनही तसेच लाल ओघळ वाहिले.

परातीत साधं पाणी नव्हतं, चुन्याची निवळी होती; चुना लागला की हळद लाल होते. हळदीच्या डागाला साबण लागला तरी तो तसाच लाल होतो, हे या बायका धुण्यात रोज बघतात, पण मंत्र ऐकला की विसरतात. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: गारठ्याने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि एकदम शेकलं की सूज चढते. हात कोरडे करून हळूहळू ऊब द्या, खाजवू नका, कामाला सुती हातमोज्यांवर रबरी हातमोजे घाला. फोड फुटला तर तडक दवाखाना गाठा.

हौसाबाईने रसिकाचा हात डॉक्टरांपुढे धरला. "बोट वाचात काय गो?"

"वाचात. आजचो शेक चुकलो म्हणान."

हौसाबाईने परात निखाऱ्यांवर पालथी केली आणि सुनेला घेऊन दवाखान्याची वाट धरली. बायांनो, हात सुजला तर आधी त्या हाताने काय काम केलं ते बघा. कोणी करणी केली हे विचारत बसाल, तर तेवढ्यात बोट जाईल.