सहीची नक्षी

मशीनचे दाते खाली पाडून धाकटीने कापड सुईखाली सरकवलं, आणि पायपट्टीवर पाय ठेवून ती नुसतीच बसून राहिली.

दाते वर असले की मशीन कापड आपणहून पुढे ओढतं, माणसाने ते सरळ धरलं की झालं. दाते खाली पाडले की मशीन अंग काढून घेतं. सुई जागच्या जागी नाचत राहते, कापड कुठे न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. रजईवर वळणावळणाची नक्षी हवी असेल तर असंच शिवावं लागतं. धाकटीने वीस वर्षं लोकांचे पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश शिवले होते. एक रेष कधी तिरकी गेली नाही. पण ती प्रत्येक रेष आधी खडूने आखलेली असायची. न आखलेल्या जागी जायचं म्हटलं की बाईसाहेबांची पाचावर धारण बसायची.

तिने पाय दाबला. कापडाला हिसका बसला आणि सुई मोडली. या आठवड्यातला हा चौथा गुलाब. आधीचे तीन कोबीच्या गड्ड्यांसारखे दिसत होते, हा तर अर्धाच राहिला.

शनिवारी रजईच्या वर्गात तिने ते तुकडे शिकवणाऱ्या बाईंपुढे ठेवले. बाई तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. त्यांनी तुकडा उलटा केला, मागचा दोऱ्यांचा गुंता पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"श्वास रोखून शिवतेस ना?"

"कळतं का त्यावरून?"

"सगळं कळतं. आणि नजर सुईवर. सुई काय पळून जातेय? जायचंय तिकडे बघावं. गुलाब कुणी सांगितला तुला?"

"नमुन्यांच्या पुस्तकात होता."

"पुस्तकातला गुलाब पुस्तकवालीच्या हाताला येतो. तुझ्या हाताला काय येतं? पेन न उचलता, डोळे मिटून, झोपेत उठवलं तरी काय काढशील? ते घे. नक्षी डोळ्यांनी निवडायची नसते गं, हाताने निवडायची. आधी कागदावर शंभरदा काढ, मग कापडाला हात लाव."

वर्ग दोन तासांचा. तेवढा वेळ घरी आया बसायची. आठवड्यातले तेवढेच दोन तास धाकटीचे. बाकीचे सगळे बाबांचे होते.

बाबा दोन वर्षांपूर्वी आडवे झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र लख्ख, आणि डावा हात चालायचा. 'हो' म्हणजे मान खाली, 'नाही' म्हणजे मान आडवी, एवढ्यावर घर चाललं होतं. मोठा मुलगा, म्हणजे दादा, दुसऱ्या शहरात. महिन्यातून एकदा फळं घेऊन यायचा. धाकटीचं लग्न झालं नव्हतं, तेव्हा हे तिच्याकडेच येणार होतं. कुणी तसं बोललं नाही, बोलायची गरजच पडली नाही. त्रेचाळीस वर्षांची झाली तरी ती धाकटीच.

त्या संध्याकाळी बाबांना भरवून झाल्यावर ती त्यांच्या खाटेशी बसली. एका जुन्या पाकिटावर पेन टेकवलं, डोळे मिटले आणि हात सोडून दिला. उघडून पाहिलं तर कागदावर बाबांची सही होती.

हसूच आलं तिला. बाबा मुख्याध्यापक होते. गावातल्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर, दाखल्यावर ती सही असायची, आणि प्रत्येक उनाड पोराने ती गिरवायचा प्रयत्न केला होता. सुरुवातीला ताठ मान, मग तीन लाटा, मध्ये एक गाठ, आणि शेवटी खालून मागे जाणारा लांबलचक फटकारा. सगळं एका दमात, पेन न उचलता. टिंब द्यायला थांबणंसुद्धा त्यांना कमीपणाचं वाटायचं. गणितात नापास झाली तेव्हा धाकटीनेही ती दोन वह्या भरून गिरवली होती. वापरायची मात्र छाती झाली नाही. मुकाट्याने प्रगतिपुस्तक पुढे केलं आणि बोलणी खाल्ली.

तिने पाकीट बाबांपुढे धरलं.

"ओळखा बघू कुणाची."

बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग मान आडवी हलवली.

"तुमचीच की!"

पुन्हा आडवी. डाव्या हाताने त्यांनी तिचा पंजा ओढला, उताणा केला आणि तळव्यावर बोट टेकवलं. बोट हळूहळू चढलं, उतरलं, तीन लाटा झाल्या. गाठीपाशी आल्यावर थांबलं. धाकटी गाठ वरून घ्यायची. बाबांचं बोट खालून शिरलं आणि वर निघालं. एकदा, दोनदा, पाचदा. जुनं मास्तरपण अंगात आलं होतं, चुकलं की बोट दाबून पुन्हा पहिल्यापासून. अखेर तिने पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांच्यासारखी गाठ काढून दाखवली, तेव्हा त्यांची मान खाली गेली आणि वाकड्या तोंडात हसू दिसलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने कुणाला काही दिलं होतं.

पुढचे दहा दिवस दोघांना तोच उद्योग. ती पानं भरायची, ते तपासायचे. मग तिने मशीनला हात घातला. गाठ खालून घेतल्यावर कापड तिथे गोळा व्हायचं थांबलं. एका सहीचा फटकारा मागे आला की त्यातूनच खालच्या सहीची मान उचलायची, म्हणजे दोरा तोडायलाच नको. पांढऱ्या रजईवर निळ्या दोऱ्याच्या ओळीच्या ओळी उठल्या. लांबून पाहावं तर पाणी हलतंय असं वाटायचं. बाईंनी रजई उजेडाला धरली, उलटून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "बसला हात."

घरी येईपर्यंत धाकटीने ते दोन शब्द किती वेळा घोळवले असतील, मोजदाद नाही. तिला आजवर कुणी असं म्हटलंच नव्हतं.

दादाने पुढच्या फेरीत रजई पाहिली. आधी नुसतीच पाहिली, मग खाली वाकून पाहिली.

"अगं, ही बाबांची सही."

"मग."

"हुबेहूब आहे. कागदावर पण येते?"

"कागदावरच आधी केली."

दादा सुरी घेऊन बसला. सफरचंदं कापून दिली, बाबांशी क्रिकेटबद्दल एकट्यानेच बोलला आणि गेला.

त्यानंतरचा महिना वाईट गेला. आया काम सोडून गेली, दुसरी मिळेना, वर्ग बुडाला. बाबांच्या पाठीला जखम झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंथरूण बदलायचं, धुवायचं, पुन्हा बदलायचं. धाकटीच्या पाठीचा पार काटा ढिला झाला. मशीनवर धूळ बसली. एका दुपारी बाबा तोंड उघडेनात. तिने दोनदा सांगितलं, चारदा सांगितलं, आणि मग चमचा आत घातला. जोरात घातला. ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त आलं. बाबा नुसते तिच्याकडे बघत राहिले.

तिला स्वतःची भीती वाटली. दादाला फोनवर तिने सांगितलं की त्यांनी ओठ चावला.

दादा दोन दिवसांत आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने प्लास्टिकची पिशवी ठेवली आणि दार लोटून घेतलं.

"हे बघ. ती म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था आहे ना, मागे सांगितली होती. जागा झालीय."

"बाबा नाही म्हणाले होते."

"दोनदा म्हणाले. दिवसभर जेवले नाहीत, माहितेय मला." त्याने प्रवेशाचा कागद बाहेर काढला. "माणसाची स्वतःची सही असल्याशिवाय संस्थावाले घेत नाहीत. सही येत नसेल तर त्यांचा डॉक्टर येतो, समोर बसून विचारतो, मग अंगठा. डॉक्टरने विचारलं की बाबा मान हलवणार आणि संपलं."

"मग?"

"दुखण्याच्या आधीची तारीख घातलीय. म्हणायचं, त्यांनीच तेव्हा भरून ठेवला होता."

धाकटीने कागद वाचला. 'मी हा निर्णय पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने घेत आहे.' खाली रिकामी रेघ.

"तू पण माणूस आहेस गं," दादा म्हणाला. तो डोळे चोळत होता, आणि ते नाटक नव्हतं. "मी काय तोंडाने सांगणार तुला? मी करत नाही काही, फळं आणतो. पण तुझा आरसा बघ एकदा. आणि त्यांचा ओठ मी पाहिला."

तिने मान वर केली नाही. पलीकडच्या खोलीत बाबा खोकले. खोकला कोरडा होता, उठायला नको होतं; आता आवाजावरून कळायचं. तिला हे संपायला हवं होतं. खरं सांगायचं तर दादा यायच्या कितीतरी आधीपासून हवं होतं. सकाळी उठून कुणाचंही अंग न पुसता नुसता चहा प्यायचा, एवढीच तिची हाव. तिला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही हवंच होतं.

"पेन दे," ती म्हणाली.

"आधी रफ कागदावर करून बघ. एकच प्रत आहे."

"रफ कशाला?"

रेघ कुठे संपते तिकडे तिने नजर ठेवली आणि हात सोडून दिला. मान, तीन लाटा, खालून गाठ, फटकारा. दादाने कागद उचलला आणि शाईवर फुंकर घातली. धाकटीच्या मग लक्षात आलं, या खेपेला आपण श्वास रोखला नव्हता.

सोमवारी गाडी आली. बाबांना तपासणीला नेतोय असं दादाने सांगितलं. धाकटीने ती रजई त्यांच्या पायांवर घातली, तशी दादाने हळूच काढून घेतली.

"ही नको. कुणी बघितली तर?"

मग तिने जुनी राखाडी घोंगडी आणली.

संस्था स्वच्छ होती. फरशी नुकतीच पुसलेली, भिंतीला धरून चालायला लाकडी दांडा, एका रांगेत खुर्च्या. नोंदणीच्या बाई वयस्कर, बोलायला मऊ. बाबांनी चाकांच्या खुर्चीतून दारावरची पाटी वाचली, रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यानंतर दोन्ही मुलांपैकी कुणाकडेच पाहिलं नाही.

बाईंनी कागद चाळले.

"तारीख जुनी आहे हो."

"तेव्हाच भरून ठेवला होता त्यांनी," दादा म्हणाला. "पहिल्यापासून पुढचा विचार करणारे."

"असं असावं माणसाने. पण पद्धत म्हणून विचारावं लागतं."

दादाचा चेहरा उतरला. "त्यांना बोलता येत नाही."

"मानेने सांगतील की."

बाई टेबलाला वळसा घालून आल्या, खुर्चीपुढे वाकल्या आणि कागद बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. बाबांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. आयुष्यभर एकही कागद न वाचता त्यांनी सोडला नव्हता. 'स्वखुशीने'पाशी ते थांबले, मग खाली उतरले. सहीवर त्यांची नजर बराच वेळ राहिली. धाकटी खुर्चीच्या मागे उभी होती. मान आडवी हलावी, असं तिला वाटलं. अगदी जीव तोडून वाटलं. आणि हलू नये, असंही तितकंच वाटलं.

"ही सही तुमचीच ना, आजोबा?"

बाबांनी मान खाली केली.

दादाने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"काय झोकदार सही आहे हो तुमची," बाई कौतुकाने म्हणाल्या.

बाबांनी डावा हात उचलला. तो हळूहळू खांद्यापर्यंत वर आला, मागे वळला, आणि बोट धाकटीकडे झालं.

"हो हो, लेक आहे ना इथेच," बाई म्हणाल्या. "येत जाईल ती भेटायला." आणि टेबलाकडे परतून त्यांनी कागदावर शिक्का मारला.

बोट तसंच राहिलं. शेवटी धाकटीनेच पुढे होऊन तो हात खाली घेतला आणि घोंगडीखाली नीट ठेवला.