बाबांची नक्कल

"आता लिफ्टवाल्या काकांची कर," वडील म्हणाले.

धाकटीनं केली. साहेब हसले, म्हणून वडीलही हसले. साहेबांच्या बायकोनं आणखी एक बिस्किट उचललं.

गेल्या महिन्यापर्यंत हेच वडील नक्कल कानावर पडली की "माकडचाळे बंद!" म्हणून खेकसायचे. मग ऑफिसात एका तज्ज्ञ बाईंचं भाषण झालं: मुलांच्या वेगळ्या गुणांना वाव द्या. साहेबांनी मान डोलावली. त्या दिवसापासून हेडक्लार्कच्या घरात गुणांना वाव मिळू लागला. विशेषतः पाहुणे असताना.

"आता बाबांची होऊन जाऊ दे!" साहेब म्हणाले.

"कर की. घाबरतेस काय? आपल्याकडे मोकळं वातावरण आहे."

धाकटीनं मान तिरकी केली, घसा खाकरला, आणि त्या एवढ्याशा गळ्यातून हेडक्लार्क बाहेर पडले.

"हा चहा आहे की गटाराचं पाणी? अक्कल गहाण टाकलीस का गं?"

आवाज पोरीचाच होता, पण जरब अस्सल होती. स्वयंपाकघरात कप फुटला.

"चुकलं माझं," आई आतून घाईघाईनं म्हणाली. "दुसरा टाकते लगेच. पाहुण्यांसमोर तरी नका ना हो बोलू."

बाहेर कुणी हसलं नाही. साहेबांना एकदम कुठलंसं काम आठवलं.

त्यांना खालपर्यंत सोडून वडील वर आले आणि एवढंच म्हणाले, "उद्यापासून हस्ताक्षराचा क्लास. छंद असावा, पण मुका असावा."

आई कप विसळत होती. हॉस्पिटलात ती टेलिफोन ऑपरेटर होती; दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची. धाकटी तिला खेटून उभी राहिली.

"रागावलीस?"

"नाही गं. हुबेहूब केलीस." आईनं कप पालथा घातला. "माझी येते का?"

"येते की! 'नमस्कार, कोणता विभाग हवाय आपल्याला?'"

आईला हसू आलं. "ही कामावरची झाली. घरातली कर."

धाकटीनं बराच विचार केला.

"घरातलं एकच वाक्य येतं," ती म्हणाली. "म्हणू?"

आईनं नळ मोठा सोडला.